राजाच्या हातावर पाणी

शिरीषचं उजवं अंग गेलं त्याला वर्ष होऊन गेलं, आणि या वर्षात किशोरी एकदाही रडली नाही, हे ओमानमधल्या सोहारच्या समस्त मराठी बायकांच्या चांगलंच लक्षात राहिलं होतं. कुणी म्हणे खंबीर आहे, कुणी म्हणे दगड आहे. मंडळाच्या गणपतीत ती आरतीला आली, तेव्हा बायकांनी मूर्तीपेक्षा तिचाच चेहरा जास्त निरखला. खरं सांगायचं तर ती खंबीरही नव्हती आणि दगडही नव्हती. तिला काही वाटतच नव्हतं, एवढंच. सकाळी त्याला उठवायचं, दात घासून द्यायचे, अंघोळ घालायची, शर्टात आधी लुळा हात घालायचा आणि मग चांगला, चहात खारी बुडवून द्यायची. हे सगळं तिचे हात बिनबोभाट करत होते आणि ती स्वतः बाजूला उभी राहून बघत होती.

शिरीषचा स्वभाव म्हणाल तर आपला हात जगन्नाथ. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात मेन्टेनन्सचा मुख्य, हाताखाली ढीगभर माणसं, तरी स्वतःच्या गाडीचं टायर कधी दुसऱ्याला बदलू दिलं नाही. अशा माणसाचा हातच गेला. जीभ वाचली, थोडी जड झाली इतकंच. पण त्या जिभेने मदत मागायची म्हणजे त्याच्या जिवावर येई. तहान लागली तरी गप्प बसायचा. किशोरीला ते दिसायचं, म्हणून ती न मागता पाणी आणून द्यायची, आणि न मागता दिलं म्हणून तो चिडायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. अंघोळीच्या वेळी तो डोळे गच्च मिटून घ्यायचा, अगदी साबण लावायच्या आधीपासून. आपण बायकोला दिसू नये यासाठी आपले डोळे मिटणारा इंजिनिअर तिने दुसरा पाहिला नव्हता.

अशात पुण्याला अस्मिताला दिवस गेले. अस्मिता ही त्यांची एकुलती एक मुलगी. सातवा महिना लागला तसा एका दुपारी शिरीष म्हणाला, "तू जा. पहिलं बाळंतपण आहे तिचं."

"आणि तू?"

"माणूस बघितलाय. हॉस्पिटलात अटेंडंट होता, केरळचा. सकाळ-संध्याकाळ येईल. खलास."

माणूस बघून, बोलून, ठरवूनसुद्धा झाला होता आणि हिला ताकास तूर लागू दिली नव्हती. तिला हे कळेना की परक्या पुरुषासमोर नागडं व्हायला याला लाज नाही, आणि जिच्याबरोबर उभा संसार केला तिच्यासमोर आहे. मग तिच्या फोनवर तिकीट आलं. तिने उघडून पाहिलं, खालीवर केलं.

"परतीचं कुठाय?"

"नंतर बघू. तिकडे किती दिवस लागतात कोण सांगणार? आणि इकडे तरी तुझं काय अडलंय?"

भांडावं असं तिला वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची तिला इच्छा उरली होती, आणि वर्षभरात उरलेली ती एवढी एकच इच्छा होती: या माणसाला मी हवी आहे की नको? त्याने एकदा, एकदाच, तोंडाने म्हणावं, लवकर ये, तुझ्यावाचून माझं अडतं. म्हटलं असतं तर ती बाळाचं बारसं आटोपून पुढच्या विमानाने परतली असती. आणि म्हटलं नाही, तर मग पुण्यातच राहायचं, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं. विचारायचं मात्र नाही. विचारून मिळालेलं उत्तर तिला नको होतं.

तिकीट दोन महिने पुढचं होतं. मधे ते यंत्र आलं.

हाफिजा नावाची ओमानी बाई मस्कतजवळच्या मत्रहला एक प्रदर्शन भरवत होती. जुन्या अरब कारागिरांची यंत्रं, त्यांची हस्तलिखितं, त्यातली चित्रं. त्यातलं एक यंत्र चालतं-बोलतं करून ठेवायचं तिच्या मनात होतं आणि ते काम शिरीषने आजारपणाच्या आधी अंगावर घेतलं होतं. आता ती घरी आली ती खरं म्हणजे विचारपूस करून कागद परत न्यायला. मत्रहच्या बाजारात भारतीय व्यापाऱ्यांच्या दुकानांमधे वाढलेली असल्यामुळे तिची हिंदी झकास होती. तिने टेबलावर हस्तलिखिताच्या एका पानाची मोठी प्रत पसरली आणि मग ती गुंडाळायचं काही तिला जमेना, कारण शिरीषने प्रतीवर डावा कोपर टेकला होता.

पान मोठं सुरेख होतं. निळा झगा घातलेला एक सेवक उभा होता, दंडावर सोनेरी पट्ट्या, उजव्या हातात पाण्याचा कलश, डाव्या हातात टॉवेल, समोर हात धुवायचं कुंड. पण त्या सेवकाची छाती उघडी होती. म्हणजे झगाही दिसत होता आणि झग्याच्या आतलंही. आत टाकी, टाकीत तरंगणारा गोळा, गोळ्याला साखळी, साखळी खांद्यापर्यंत. प्रत्येक भागाशेजारी एकेक अक्षर. आतलं आणि बाहेरचं एकाच वेळी काढायची त्या चित्रकारांची रीतच होती. माणूस उभा चिरला तरी चेहऱ्यावर सुरकुती नाही. किशोरी चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. हा आपल्या ओळखीचा आहे, असं तिला उगाचच वाटलं.

"राजाला नमाजाच्या आधी वुजू करायचं असे," हाफिजा सांगत होती. "हात-तोंड धुवायचं. आणि कुणा नोकराने, दासीने आपल्या हातावर पाणी घातलेलं त्याला आवडायचं नाही. म्हणून त्याने आपल्या कारागिराला, उस्तादाला, सांगितलं, मला असं काही बनवून दे की माणूस लागणार नाही. उस्तादाने स्वतःच लिहून ठेवलंय."

शिरीष वर्षात पहिल्यांदा ताठ बसला. "समझदार राजा था," तो म्हणाला. "काम होईल. तुम्हाला प्रदर्शनाच्या आधी मिळेल."

"पर आप…"

"मिळेल. इन्शाल्ला नाही, नक्की मिळेल."

किशोरीने चहा ठेवला आणि हाफिजाला विचारलं, "और वो नौकर का क्या हुआ? जो पहले पानी डालता था?"

हाफिजा हसली. "ये किताब में नहीं लिखा, किशोरीजी."

आता काम घेतलं खरं, पण ड्रॉइंग कोण काढणार? डाव्या हाताने माउस धरून शिरीष दोन दिवस झुंजला. रेघ सरळ येईना, आली तर जागेवर थांबेना. तिसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप ढकलून दिला आणि खिडकीकडे बघत बसला. मागणार तर नव्हताच. किशोरीने भांडी आवरली, हात पुसले, खुर्ची ओढली आणि लॅपटॉप स्वतःकडे फिरवला.

हे इथे सांगायला हवं की किशोरी काही नुसती इंजिनिअरची बायको नव्हती. ती पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होती, पॉलिटेक्निकची पदविका, अक्षर असं की साहेब लोक तिच्या ड्रॉइंगवरचं लेटरिंग ट्रेनींना दाखवायचे. त्या ट्रेनींपैकी एक शिरीष. तिथेच जमलं. म्हणून ती त्याला नावाने हाक मारते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पचलं नाही. पुढे ओमानची नोकरी आली, अस्मिता आली, आणि किशोरीचं टेबल तिकडेच राहिलं.

तेव्हापासून दुपारी जेवणं झाली की दोघं बसत. तो सोफ्यावरून सांगे, ती काढे. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा हाकायचा. "छातीचा सेक्शन घे. कप्पे दोन. मधे पडदा. हं, आता उजव्या बाजूचा व्ह्यू." ती काढत जाई. यंत्राची गंमत अशी होती की त्याला घड्याळ नव्हतं, पाणीच त्याचं घड्याळ. खुंटी फिरवली की पहिल्या कप्प्यातलं पाणी कलशातून राजाच्या हातांवर पडायचं. तेच पाणी कुंडातून खाली उतरून एका भांड्यात साठायचं, भांड्यातला गोळा वर यायचा आणि कुंडाच्या खांबातलं इवलंसं दार उघडून साबण पुढे सरकायचा. तोवर दुसऱ्या कप्प्याची पाळी. हात खळबळायला पुन्हा पाणी. टाकी रिकामी होताना आतला गोळा खाली बसायचा, साखळी ओढली जायची आणि टॉवेलाचा हात अलगद खाली यायचा. मूळ पानावर एक नळी मधेच संपत होती. नक्कल करणारा चित्रकार हाताचा कसबी असला तरी यंत्रातलं त्याला ओ की ठो कळत नसावं. ती नळी कुठून कुठे गेली असेल यावर नवरा-बायकोचा मोठा वाद झाला, अगदी पिंपरीसारखा, आणि तो किशोरीने जिंकला.

त्या दुपारींमधे तो तिच्याकडे सरळ बघायचा. अंघोळीच्या वेळी मिटणारे डोळे स्क्रीनवर आणि तिच्या बोटांवर खिळलेले असायचे. तिची बोटं खूश होती, हे तिला जाणवत होतं. बोटांच्या वर, मनगटापासून पुढे, काही पोचत नव्हतं. आपण आपल्याच जागी उभा राहणारा बाहुला आपल्याच हाताने काढतो आहोत, हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. शिरीषला कळत होतं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

"चेहरा राहिला," एकदा तो म्हणाला.

"तो फायबरवाला करेल," ती म्हणाली आणि फाइल सेव्ह केली.

बाहुला सोहारच्याच एका वर्कशॉपमधे तयार झाला. तिथला फिटर सागर कुडाळचा, शिरीषच्या हाताखाली पूर्वी काम केलेला. पहिल्या ट्रायलला सगळे जमले. अर्बाब, म्हणजे वर्कशॉपचा मालक, स्वतः आला, हाफिजा मत्रहहून आली, शिरीष खुर्चीवर, किशोरी त्याच्या मागे. सागरने टाकी भरली, बिस्मिल्ला म्हणून अर्बाबनेच खुंटी फिरवली आणि कुंडावर सागरचे दोन्ही हात पसरले. कलशातून थेंब आला नाही. एक क्षण गेला आणि बाहुल्याच्या दुसऱ्या हातातला टॉवेल हळूहळू ओला व्हायला लागला. मग टॉवेलाच्या हाताच्या बाहीतून धो धो पाणी.

"वैनी, पानी खयसून येता बघा!" सागर ओरडला आणि हसायलाच लागला. "रुमाल आधीच धुवून काढल्यान ह्येना!"

किशोरीला ते बघताक्षणी कळलं. चूक कारखान्याची नव्हती, तिची होती. वस्तूची उजवी बाजू कागदावर उजवीकडे काढायची की डावीकडे, याबाबत इंजिनिअरांच्या जगात दोन पंथ आहेत. आपल्याकडे शाळेपासून शिकवतात ती रीत अशी की उजवी बाजू डावीकडे काढायची. या वर्कशॉपात चालते ती दुसरी, उजवीकडची उजवीकडे. कुठल्या पंथाचं ड्रॉइंग आहे हे सांगणारी एक छोटी खूण कोपऱ्यात काढायची असते. पिंपरीत ती छापील कागदावर आधीच असायची, त्यामुळे किशोरीच्या हाताला ती काढायची सवयच नव्हती. इतक्या वर्षांनी कॉम्प्युटरवर बसून तिने पिंपरीच्याच रीतीने काढलं आणि खूण विसरली. वर्कशॉपने आपल्या रीतीने वाचलं. छातीतल्या पाण्याची वाट कलशाऐवजी टॉवेलाच्या बाजूला पडली.

तिच्या आत काहीतरी हललं. वर्षभरात पहिल्यांदा. लाज होती ती, आणि लाजेच्या तळाशी चक्क थोडासा आनंद. कारण ही चूक अस्सल तिची होती, पिंपरीच्या किशोरीची. ती माणूस आहे आणि इथे हजर आहे, याचा तो पुरावा होता. ती पुढे झाली. "सॉरी, ते…"

"मिस्टेक माझी," शिरीष खणखणीत आवाजात म्हणाला. "ड्रॉइंग माझं आहे. प्रोजेक्शन मी चुकलो. सागर, पडदा फिरव, भोक बुजव, चार दिवसांचं काम आहे. यल्ला, लाग कामाला."

अर्बाब त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, होतं असं. हाफिजानेही मान हलवली. किशोरी मागे सरकली. जे काही हललं होतं ते जागच्या जागी बसलं.

गाडीत, कारखान्यांच्या चिमण्या मागे पडल्यावर, ती म्हणाली, "चूक माझी होती शिरीष."

"तुला चार लोकांत कशाला खाली बघायला लावायचं?"

"मला बघायचं होतं खाली."

"ड्रॉइंगवर सही माझी आहे. सही ज्याची, चूक त्याची. नियम आहे."

"मग माझं काय आहे त्यात?"

त्याला वाटत होतं आपण बायकोला सांभाळून घेतलं, आणि खरंच, त्याच्या परीने त्याने घेतलंच होतं. पण तिची चूकसुद्धा त्याने आपल्या नावावर लावून घेतली होती. किशोरी शांतपणे गाडी चालवत राहिली. राग येईल म्हणून तिने थोडी वाट पाहिली. आला नाही.

घरी अस्मिताचा फोन आला. "आई, तू कायमची येतेयस का गं? बाबा म्हणाले, आईला आता थोडं सुटू दे इथून."

"असं म्हणाला?"

"म्हणजे, एक्झॅक्टली तसं नाही. पण बाबांना खूप गिल्ट आहे, आई. तू बोल ना त्यांच्याशी."

"बोलेन," किशोरी म्हणाली. बोलली नाही. अपराधी वाटणं वेगळं आणि हवंसं वाटणं वेगळं, हे मुलीला फोनवर काय समजावणार? गिल्ट असलेला माणूस तिकीट काढून देतो. तिला तिकीट नको होतं.

बाहुला दुरुस्त झाला. नंतरच्या सगळ्या ट्रायल बिनचूक पार पडल्या. सागर दर वेळी बाह्या वर करून हात पुढे करी, पाणी पडे, साबण येई, तो खसाखसा हात चोळी, पुन्हा पाणी, मग टॉवेल. शिरीष खुर्चीतून बघायचा आणि त्याचा चेहरा उजळायचा. अर्धाच उजळायचा, पण उजळायचा.

प्रदर्शन उघडायचं ते नेमकं किशोरीच्या विमानाच्या आदल्या संध्याकाळी. मत्रहला बंदरासमोर एका जुन्या घरात मांडलं होतं सगळं. तिची बॅग गाडीतच होती. तिथूनच सरळ विमानतळाजवळच्या मैत्रिणीकडे जायचं आणि सकाळचं विमान धरायचं. शिरीषला सागर सोहारला परत नेणार होता, आणि उद्यापासून तो केरळचा माणूस. वाटेत शिरीषने तिला पासपोर्ट घेतलास ना म्हणून विचारलं, गोळ्यांची पाकिटं कुठल्या कप्प्यात आहेत ते विचारलं, अस्मितासाठी हलवा घेतलास का विचारलं. सगळं विचारलं.

दालनात भिंतीभर हस्तलिखितांची पानं होती. पाणी उपसणारी चक्रं, मेणबत्तीची घड्याळं, निळेसोनेरी मोर. मधोमध तो सेवक उभा, आणि फायबरवाल्याने चेहरा असा गोड केला होता की बघवेना. मंत्रालयातले पाहुणे आले, हाफिजाने राजाची गोष्ट सांगितली, लोक कौतुकाने हसले. मग सागर बाह्या सावरत पुढे निघाला, तेवढ्यात शिरीष खुर्चीतून उठला.

"मी करतो."

"साहेब, तुमी कशाक…"

"मी करतो म्हटलं ना."

काठी टेकत तो कुंडापर्यंत गेला. काठी डाव्या हातात होती आणि पुढे करायचा हातही डावाच, म्हणून त्याने काठी कुंडाला टेकवून ठेवली आणि कंबर काठाला लावून तोल सांभाळला. डाव्या हाताने लुळा उजवा हात उचलून कुंडावर ठेवला. लोकांना दिसलं, हा राजा कोण आहे ते. किशोरी बाजूच्या रांगेत बसली होती. तिला त्याच्या मानेवरच्या शिरा दिसत होत्या. या क्षणासाठी त्याने हे सगळं केलं, हे तिला स्वच्छ कळलं. एकदा, चार लोकांत, कुणाच्याही मदतीशिवाय हात धुवायचे होते त्याला.

डाव्या हातानेच त्याने खुंटी फिरवली आणि तो हात पुढे धरला. कलशातून पाण्याची लखलखीत धार आली आणि दोन्ही हातांवर पडली. कुणीतरी माशाल्ला म्हणालं. खांबातलं दार उघडलं, साबण पुढे आला. शिरीषने डाव्या हाताने तो उचलला, उजव्या हातावर फिरवला, पालथा, सुलटा, एकेक बोट. छान फेस आला. साबण त्याने खाली ठेवला. आणि मग तो थांबला.

डावा हात उजव्याला धुऊ शकतो. डाव्याला कोण धुणार? बाहुल्याकडे पाणी होतं, साबण होता, टॉवेल होता. चोळायला दुसरा हात नव्हता. तो राजाने स्वतःचा आणायचा, असं उस्तादाने धरूनच चाललं होतं. सगळ्या ट्रायल सागरच्या धडधाकट हातांवर झालेल्या. घरी हे काम रोज किशोरी करायची, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांनी, आणि इतक्या सवयीने की ते काम आहे हे तिलाही आठवलं नव्हतं आणि त्यालाही. ड्रॉइंगच्या कुठल्याच व्ह्यूमधे ते आलं नव्हतं.

शिरीषने डावी बोटं उजव्या तळव्यावर घासून पाहिली. लुळा हात काठावरून घसरला आणि बाजूला लोंबला, तो सावरायला डावाही मागे गेला. एवढ्यात यंत्राने आपली वेळ पाळली, दुसरं पाणी सोडलं. ते रिकाम्या कुंडात पडून गेलं. पाणी संपलं, साखळी ओढली गेली आणि टॉवेलाचा हात अलगद खाली आला. अगदी ठरल्याबरहुकूम. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तरी तो तसाच उभा. हात फेसाने पांढरे, काठी धरता येईना, टॉवेल घेता येईना. सागर पुढे व्हायला लागला. शिरीषने त्याच्याकडे बघून मान हलवली, नको. मग तो रांगेकडे वळला. शोधत होता.

"किशोरी," तो म्हणाला. आणि मग सगळ्यांसमोर, जड जिभेने, "ये ना जरा. मला जमत नाहीये."

ती उठली. पर्समधली पाण्याची बाटली तिने घेतली, कारण बाहुल्याची टाकी रिकामी झाली होती. त्याचा डावा हात कुंडावर धरला, पाणी घातलं, बोटं वेगळी करून बेचक्यांतला फेस काढला, तळवा चोळला. मग उजवा. पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग असेल, आणि त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. शिरीषने या वेळी डोळे मिटले नव्हते. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"जाऊ नकोस," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणजे जा, अस्मितासाठी जा. पण ये. परतीचं तिकीट आजच काढतो. तुझ्यावाचून अडतं गं माझं. मला लाज वाटायची म्हणून बोललो नाही."

हेच. शब्दन् शब्द हाच. याचीच तिने वाट पाहिली होती. आता आत काहीतरी उसळेल, निदान रडू फुटेल, म्हणून ती थांबली. बाटलीतलं उरलेलं पाणी तिने त्याच्या मनगटावर ओतून टाकलं आणि आणखी थोडी थांबली. दालनात एसीची घरघर ऐकू येत होती. तिच्या आत काहीच हललं नाही.

"मला हेच ऐकायचं होतं शिरीष," ती म्हणाली. "आणि तू म्हणालास. पण मला काही वाटत नाहीये."

"रागावलीस?"

"नाही. राग आला असता तर मी नक्की परत आले असते."

बाहुल्याच्या हातातला टॉवेल तिने काढून घेतला. आधी उजवा हात पुसला, मग डावा, बोटांच्या मधे ओल राहिली तर कातडी जाते म्हणून एकेक बोट सुटं करून. पुसून झाल्यावरही त्याने हात काढून घेतला नाही. तिनेच तो सोडला.